माय मरो, मावशी जगो

रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजी निवडून झाली आणि बाई तिथेच अभ्यासक्रम आखायला बसल्या. शाळेत अकरावीला नवा विषय येणार होता, मानवी विकासाचं मानसशास्त्र. तान्हेपण, बालपण हे भाग भराभर लिहून झाले. घोडं अडलं ते तिसऱ्या भागावर, किशोरवयावर. ते वय बाईंनी फक्त पुस्तकांत वाचलं होतं.

बाई पंधरा वर्षांच्या असताना त्यांची ताई बाळंतपणात गेली होती. 'माय मरो, मावशी जगो' असं म्हणत मोठ्यांनी तान्ही पोर त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ताईच्याच नवऱ्याशी त्यांचं लग्न लावलं. काल ज्यांना भावोजी म्हणायचं, त्यांना आज अहो म्हणायचं. पोरीवर त्यांनी जीव लावला. शिकल्या त्या पुढे, भांडून भांडून. नवरा आता त्याच शाळेचा अध्यक्ष होता.

बाहेरच्या खोलीत हे अध्यक्ष धाकट्या भावाची समजूत काढत होते. भावाची बायको नुकतीच वारली होती, मागे तान्हं पोर.

"बाहेरची कशाला शोधतोस? पोराची मावशी आहे की! मी तेच केलं ना? तुझी वहिनी बघ कशी रुळली."

"दादा, चिमणी लहान आहे रे. सोळाची."

"लहान असली की वळण लावता येतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिमणी त्यांच्याच वर्गातली, अखंड बडबड करणारी सुताराची पोर. शुक्रवारी ती हळूच म्हणाली होती, "बाई, ते किशोरवयाचं तेवढं आधी शिकवाल का? मला लवकर जावं लागेल बहुतेक."

आरडाओरडा करून उपयोग नव्हता. ओरडणाऱ्या बाईचं डोकं फिरलंय म्हणायला या घराला वेळ लागत नसे. पण नवऱ्याची एक खोड बाईंना पक्की ठाऊक होती. नव्या विषयाचा आराखडा अध्यक्षांनी पालकांसमोर वाचून दाखवायचा, अशी शाळेची पद्धत होती. लिहायच्या बाई, वाचायचे अध्यक्ष, टाळ्याही त्यांनाच. आयत्या बिळावर नागोबा! कागदांवर आधी नजर टाकणं त्यांना कमीपणाचं वाटे.

बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि तिसरा भाग एका दमात लिहून काढला.

सोमवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत सुतार, चिमणी आणि धाकटा दीर बसले होते. अध्यक्ष खणखणीत आवाजात वाचत होते.

"भाग तिसरा, किशोरवय. या वयात मुलगी स्वतःला ओळखू लागते. ते हिरावून घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण. एका पंधरा वर्षांच्या मुलीला मेलेल्या बहिणीच्या जागी देऊन टाकलं. ती आपलं दप्तर मागत राहिली. नवरा म्हणाला, होईल सवय. तो नवरा आज याच शाळेचा अध्यक्ष..."

जीभ पुढे गेली होती, डोकं मागून पोचलं. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई उठून उभ्या राहिल्या. "थांबलात का? वाचा ना, भावोजी."

"घरी बोलू," ते पुटपुटले.

"घरी इतकी वर्षं बोललेच की. कोणी ऐकलं? पुढचंही वाचा. त्याच घरात आता चिमणीला आणायचं ठरतंय, तेही लिहिलंय मी."

सुतार चाचरत उभा राहिला. "बाई, खरंय तुमचं. पण त्या पोराला आई नको का?"

"त्याला बाप आहे. हात धडधाकट आहेत. दुधाची बाटली धरायला सोळा वर्षांची बायको लागत नाही. आणि हे लग्न लावलंत, तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला मी जाईन. मग दीर असो, नाहीतर नवरा."

दिराने मान खाली घातली. चिमणी बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, मी बाळाला रोज खेळवीन. पण मावशी म्हणूनच."

सुताराने लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे. "आम्ही पोर देत नाही," तो म्हणाला. मागून एक आई म्हणाली, हा विषय शाळेत हवाच. एकेक करत हात वर झाले आणि अध्यक्षांच्या देखत आराखडा मंजूर झाला.

घरी आल्यावर अध्यक्षांनी दार आपटलं. "सूड उगवलास माझ्यावर!"

"हो, उगवला."

"माझी अब्रू गेली. तुला काय परत मिळालं त्यातून?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून एकदा उगवून भागणार नाही. दरवर्षी नवा वर्ग येईल, दरवर्षी हेच उदाहरण शिकवीन. पोरं नाव विचारतील. मी सांगेन."