दाराच्या खाचेतला दांडा

दर तासाला हेल्मीचा एक फोटो, अशी कायसाची अट होती.

"आणि फोटो काढताना लक्ष तिच्यावर ठेव, कॅमेऱ्यावर नको," शुक्रवारी लेकीला सोडून निघताना ती म्हणाली. "ते कसं जमवायचं ते तुझं तू बघ, बाबा."

आर्विडने टोमणा गिळला. जुलैत सरोवराच्या काठी तो उजेडाचा अंदाज घेत बसला होता, आणि नात पाण्यात तोंडावर पडली होती. नशीब, शेजारच्या बाईने उचललं. त्यानंतर चार महिने कायसाने पोरीला त्याच्याकडे एकटीला ठेवलं नव्हतं. लोर्ना, त्याची बायको, बहिणीकडे ग्रीन बेला गेलेली. हे दोन दिवस नीट पार पडले तरच हेल्मी पुन्हा येणार होती.

शनिवारी दुपारी तीनला आर्विडने लोखंडी शेगडीत दोन ओंडके सारले आणि कॅमेरा उचलला. हेल्मी सरकत्या दाराच्या काचेला नाक चिकटवून उभी होती. बर्फाचा उजेड थेट तिच्या तोंडावर. चाळीस वर्षं शाळेतल्या पोरांचे फोटो काढलेल्या माणसाला असा उजेड सोडवेना. त्याने खाचेतला दांडा बाजूला ठेवला, मोजे घातलेल्या पायांनीच बाहेरच्या उंच लाकडी डेकवर गेला आणि थंडी आत जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.

हेल्मीने या घरात रोज पाहिलं होतं तेच केलं. दार लागलं की खाचेत दांडा. चोरांसाठी आर्विडने स्वतः झाडूचा दांडा कापून बरोब्बर मापाचा केला होता. तो तिने खाली आडवा टाकला आणि टाळ्या वाजवल्या.

दार हलेना. फोन आत टेबलावर. डेकच्या कुजलेल्या पायऱ्या त्याने ऑक्टोबरात काढून टाकल्या होत्या, नव्या पायऱ्या वसंतात बसणार होत्या. खाली बारा फूट आणि दगड. जवळचं घर अर्ध्या मैलावर.

मग त्याला शेगडीभोवतीच्या जाळीचं फाटक दिसलं. अर्धवट उघडं.

कॅमेरा जड होता, काच फुटली असती. पण काचेला लागूनच पोर उभी होती. ती दूर गेली तर काच फोडता आली असती, आणि दूर जायचं म्हणजे शेगडीकडेच.

"आजो, थंडी?" काचेतून बारीक आवाज आला.

"छे! मजा येतेय. तो दांडा काढ बघू, राणी."

"नाही. चोर येतात."

"चोर नाही गं, मी आहे."

"आजो चोर!" ती खिदळली आणि वळली.

"हेल्मी! हा बघ फोटो!"

ती परत आली. त्याने कॅमेऱ्याचा पडदा काचेला लावला. त्यात तिचं चपटं नाक. "परत!" ती म्हणाली. त्याने परत काढला. जीभ काढलेली, डोळे मिटलेले, दहा, बारा. मोजे ओले होऊन पायांना बधिरपणा आला. आत फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. हेल्मीने फोनकडे पाहिलं. फोन शेगडीच्या पलीकडे होता. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीने लाल दाखवू लागली.

शाळेत हट्टी पोरांच्या हातात तो काहीतरी द्यायचा. पुस्तक, चेंडू.

"शेवटचा फोटो," तो म्हणाला. "पण हातात काहीतरी पाहिजे. मोठं. तुझ्याकडे काय आहे?"

हेल्मीने इकडेतिकडे पाहिलं. खाली वाकली आणि दोन्ही हातांनी दांडा डोक्यावर धरला.

त्याने बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने दार ओढलं.

आधी फाटकाची कडी लावली, मग पोरीला उचललं. ती म्हणाली, "आजो गार!" फोनवर कायसाचे पाच कॉल होते आणि एक निरोप: फोटो कुठाय?

नाक चपटं केलेले बारा फोटो होते. आतून काढल्यासारखा मात्र एकही नव्हता. सोफ्यावर बसवून नवा काढता आला असता, आणि तो तिला पटलाही असता. आर्विडने दांड्याचा फोटो फोनवर घेतला आणि पाठवून दिला.

मिनिटभराने फोन वाजला.

"बाबा," कायसा म्हणाली. ती याच घरात वाढली होती. "तू कुठे उभा होतास?"

"बाहेर."

पलीकडे गाडीच्या किल्ल्या उचलल्याचा आवाज आला.