करवलीच्या कानातला चिमटा

मी एक जुनी क्लिप आहे. केसांना लावायची नव्हे हं, मित्रांनो, कानाची पाळी हळूच दाबून धरायची! दोन पारदर्शक चकत्या आणि एक इवलासा स्क्रू, एवढाच माझा जीव.

शिरवणे गावातल्या जागृतीने हौसेने पाळीला नवं भोक पाडून घेतलं. जखम भरली, पण कातडीचा उत्साह काही थांबेना. तिथे बोराएवढी गाठ उभी राहिली. तिला केलॉइड म्हणतात. डॉक्टर संघमित्राताईंनी आधी गाठीत इंजेक्शनं दिली, मग ती काढली आणि टाक्यांची जखम भरून आल्यावर मला बसवलं. म्हणाल्या, "ही गाठ परत उगवायला बघते, क्लिपच्या दाबाने ती दबून राहील. क्लिप फक्त आंघोळीला काढायची."

आरशात बघून जागृती रुसली. "शी! हा तर कपड्यांचा चिमटा!"

मी आपली पाळी धरून बसले.

तेवढ्यात तिच्या दादाचं, दिपेशचं लग्न ठरलं. जागृती करवली! लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाणारी गोजराआत्या आपल्या आईच्या सोन्याच्या बुगड्या घेऊनच आली.

"करवलीचा कान असा बरा दिसतंय का गो? काढ तो चिमटा. वरती टोचू नि बुगडी घालू."

जागृतीचा हात माझ्या स्क्रूवर आला. झालं, आता संपलंच! ती मला काढणार, कान पुन्हा टोचणार आणि गाठ पुन्हा येणार.

पण हात थांबला. "आत्या, टोचल्यामुळेच तर गाठ आली ना? परत नको."

"मंग माझे आयशीच्या बुगड्या काय डबीन ठेवू?" आत्याने डबी छातीशी धरली.

जागृतीच्या आईने मधला मार्ग काढला. ब्लाउजवर लावायचे बारीक मोती तिने माझ्या बाहेरच्या चकतीवर चिकटवले, आणि बुगड्या दोऱ्यात ओवून जागृतीच्या वेणीत माळल्या. आत्याने डोळे पुसले नि वेणी दोनदा फिरवून बघितली.

हळदीला बायका माझ्याभोवतीच! "कुठून घेतलीस गो? वाशीतून?"

जागृतीआधी आत्याच गरजली, "आमचे करवलीचा दागिना हाय ह्यो! सोनाराकडं नाय मिलत, डॉक्टरीणबाईकडं मिलतंय!"

कित्येक महिने मी धरून ठेवल्यावर आज ती पाळी सपाट, मऊ आहे. मी आत्याने जागृतीलाच दिलेल्या बुगड्यांच्या डबीत आराम करते. मित्रांनो, जखम भरताना तुमच्या कातडीनेही कधी जास्तच मेहनत घेतली, तर तिला खरवडू नका, टोचू नका. डॉक्टरांना दाखवा आणि धीर धरा. कुणी चिमटा म्हणालं तर म्हणू द्या. मला काय, मी हळदीत मिरवलेय!