डावीकडे वाकलेले चष्मे

"बाई, चापट मारली माझ्या हातानं, पण मारायला सांगितलं तुम्ही, तर ती चापट कुणाची धरायची?"

हा प्रश्न मी भर क्लासात उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला. प्रश्न माझा, पण पैज वकिलाची. वकील म्हणजे माझी मैत्रीण. तिच्या सात पिढ्यांत कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, पण ही भांडायला लागली की समोरचा आपोआप आरोपी होतो. "तुझी काय टाप आहे," ती म्हणाली होती, "स्वतःच्या आईला कोण असलं विचारतंय!" आणि आमची दुसरी मैत्रीण खारूताई, पेन्सिलीचं टोक कुरतडत, "कोण्णी नाही," म्हणाली होती. मी विचारलं तर आठवडाभर माझं दप्तर वकील उचलणार असं ठरलं. माझ्या दप्तरात धोंडे भरलेत असं बाबांचं मत आहे, त्यामुळे पैज काही लहानसहान नव्हती.

तर 'बाई' म्हणजे माझी आई. क्लासात तिला आई म्हणायला बंदी आहे. खाली बाबांचं चष्म्याचं दुकान आणि वर आमचं घर, त्यातल्या बाहेरच्या खोलीत आई गणिताचा क्लास घेते. वर पाढे चालतात, खाली काचा घासायचं यंत्र चालतं. दोन्हींचा सूर एकदम लागला की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात.

शनिवारी संध्याकाळी उजळणी. त्या दिवशी लहान-मोठे सगळे एकत्र, चटईवर दाटीवाटीनं. आणि उजळणीचा एक नियम आहे. ज्याचं उत्तर बरोबर, त्यानं चुकलेल्याच्या गालावर एक द्यायची. आई त्याला 'आठवण' म्हणते. "दे गं तिला एक आठवण," असं इतक्या सहज म्हणते, की वाटावं खिडकी उघडायला सांगतेय. स्वतः मात्र कुणाला बोट लावत नाही. नवीन मूल आलं की त्याच्या आईवडिलांना मान ताठ करून सांगते, "इतकी वर्षं शिकवतेय, आजवर एकाही पोरावर हात उचललेला नाही." आणि गंमत म्हणजे ते अगदी खरं आहे!

मी स्वतः कित्येक वर्षं आठवणी खाणाऱ्यांच्या रांगेत होते. बाईंची मुलगी म्हणून सवलत तर सोडाच, उलट माझ्यावर लोकांचे हात जरा जास्तच मोकळे व्हायचे. पण यंदा काय झालं कुणास ठाऊक, बीजगणित एकदम डोक्यात शिरलं आणि तिथंच बिऱ्हाड करून राहिलं. उत्तरं यायला लागली. आणि उत्तरं आली की मागोमाग आवाज येतो, हे मला तेव्हा कळलं. पूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा घसा बसायचा. आता मला गप्प करायला दोन माणसं लागतात.

हे सगळं सुरू झालं ठिपकामुळे. ठिपका तिसरीतली. तिच्या चष्म्याचा नंबर इतका मोठा आहे की जाड काचांमागे तिचे डोळे एवढेएवढेसे दिसतात, म्हणून ठिपका. गेल्या शनिवारी तिचं उत्तर चुकलं आणि तिला आठवण द्यायची पाळी आली खांबावर. खांब दहावीतला, वाईट मुलगा नाही, पण त्याचा हात कुठून निघतो आणि कुठं पोचतो याचा त्यालाच पत्ता नसतो. ठिपकाचा चष्मा उडाला तो थेट फळ्याखाली.

क्लास सुटल्यावर मी बाबांना चहा द्यायला खाली गेले, तर ठिपका काउंटरपाशी टाचा उंचावून उभी.

"काय गं, परत पडलीस?" बाबांनी विचारलं.

"हो काका."

बाबांनी चष्मा उलटसुलट करून पाहिला, दांडी गरम केली, हलक्या हातानं सरळ केली. "वरची पोरं पडतात तरी कशी कोण जाणे. सगळ्यांच्या डाव्याच दांड्या वाकतात," ते हसत हसत म्हणाले. पण माझ्याकडे बघायचं टाळून ते स्क्रू पिळत राहिले. स्क्रू आधीच घट्ट होता.

मी ठिपकाला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. ती म्हणाली, "ताई, दांडी सरळ दिसते ना? नाहीतर आई बदडेल. मला वस्तू सांभाळता येत नाही म्हणते."

"तू खरं का नाही सांगत?"

"खरं सांगितलं तर पाढा चुकला हेपण सांगावं लागेल ना."

म्हणजे बघा, पाढा चुकल्याबद्दल क्लासात, आणि क्लासात मार खाल्ल्याबद्दल घरी!

सोमवारी मधल्या सुट्टीत मी हे मैत्रिणींना सांगितलं. आमच्या शाळेच्या जिन्यात मुलांच्या हक्कांचा मोठा रंगीत तक्ता लावलेला आहे. 'मुलांना मारणे, अपमान करणे, घाबरवणे यास मनाई आहे.' खाली हसणाऱ्या मुलांचं चित्र. आम्ही त्याच्याखालीच डबा खातो.

वकिलानं तक्त्याकडे बोट केलं. "आता मला सांग, क्लासला जाताना आपण हे सगळं शाळेतच ठेवून जातो का? रेनकोटसारखं?"

"क्लासात असा तक्ता नाहीये," खारूताई म्हणाली.

"तक्ता भिंतीचा असतो गं, हक्क आपला असतो! मूल तेच आहे, गाल तोच आहे." मग ती माझ्याकडे वळली. "तू विचार. तुझी आई आहे."

असा तो प्रश्न तयार झाला होता. आणि आता तो विचारून मी उभी होते.

आईच्या हातातला खडू थांबला. "खाली बस. उजळणी चालू आहे."

"पण बाई, उत्तर..."

"बस म्हटलं ना!"

बसले. आईचे कान लाल झाले होते. ती वळली आणि जे पहिलं तोंड दिसलं त्याला विचारलं, "ठिपका. सात आठे?"

ठिपका उभी राहिली. आणि तिनं काय केलं माहितेय? आधी चष्मा काढला. नीट घडी घातली, शेजारणीच्या हातात दिला. मग म्हणाली, "चोपन्न?"

उत्तर द्यायच्या आधीच!

"तू सांग," आई मला म्हणाली.

छप्पन्न माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उड्या मारत होतं. मी ते गिळलं. "येत नाही, बाई."

"काय?"

"सात आठे. येत नाही."

आईनं वकिलाकडे पाहिलं. वकील सावकाश उठली. "बासष्ट असावेत असा माझा अंदाज आहे, बाई. पण पुरावा नाही."

"तू?"

"एकशे तीन," खारूताई म्हणाली. तोंडात पेन्सिल होती, तरी स्पष्ट ऐकू आलं.

मग तर सुटलंच. कुणाला तीस येत होते, कुणाला सातशे. एक मुलगा म्हणाला की त्यांच्या शाळेत सातचा पाढा अजून शिकवलाच नाही, आणि हा मुलगा नववीत आहे. मागचं एक चिमुरडं उत्साहात "छप्प..." म्हणालं, शेजारच्यानं कोपर मारल्यावर "छप्पर!" म्हणून मोकळं झालं. आम्ही कुणी काही ठरवलं नव्हतं हो, शप्पथ! शेवटी राहिला खांब. तो उभा राहिला, आपल्या हाताकडे बघितलं, ठिपकाकडे बघितलं. "विसरलो, बाई," म्हणाला आणि हात खिशात घातला.

"छान," आई म्हणाली. "अख्ख्या क्लासाला सात आठे येत नाही. म्हणजे आठवण द्यायला कुणी नाही." तिनं खडू ठेवला, हात झटकले. "मग मीच देते."

ती ठिपकापाशी गेली. ठिपकानं डोळे मिटले आणि गाल पुढे केला. इंजेक्शनला दंड पुढे करावा तसा. आईचा हात वर गेला, खांद्यापर्यंत, आणि थांबला. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. तिला स्वतःचाच हात ओळखू येत नसावा, अशी ती त्याच्याकडे बघत होती.

मग तो खाली आला. नुसताच, बाजूला.

"उजळणी संपली," ती म्हणाली. "घरी जा."

रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत घरात भांडीच काय ती बोलत होती. जेवायला बसल्यावर आईचा बांध फुटला. "पोरासोरांत माझी अब्रू घालवलीस. मी काय छड्या मारते? आमचे मास्तर मारायचे ना, कानात दिवसभर शिटी वाजायची माझ्या. तेव्हाच ठरवलं होतं, मोठ्या माणसाचा हात पोरावर पडू द्यायचा नाही. पोरांचा हात हलका असतो, हसतखेळत होऊन जातं."

"आई, हसतखेळत? ती उत्तर द्यायच्या आधी चष्मा काढून ठेवते."

बाबांनी घसा साफ केला. "अगं, ती पोरं पडत नाहीत. मला माहीत होतं."

"माहीत होतं? आणि बोलला नाहीत?"

"तुझ्या क्लासात मी कशाला नाक खुपसू? दांड्या सरळ करून देत होतो ना."

"वा! म्हणजे मी हात लावला नाही आणि तुम्ही तोंड उघडलं नाही," आई म्हणाली. तिला स्वतःलाच ते ऐकून हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. बराच वेळ ती ताटातला घास इकडून तिकडे ढकलत राहिली. "मगाशी तिनं गाल पुढे केला ना," ती हळूच म्हणाली, "मी पण अश्शीच करायचे."

मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"बरं," आईनं शेवटी डोळे पुसले. "आठवण बंद. चुकलं तर परत शिकवीन, दहादा शिकवीन. झालं समाधान?"

मी टेबलावर चढून नाचायच्याच बेतात होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "ठिपकाची आई सकाळी आली होती दुकानात. आता न तुटणारी फ्रेम द्या म्हणाली. पोरगी फार धांदरट आहे, गेल्या शनिवारी चांगली झोडपली म्हणाली."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"फ्रेम दाखवली."

मी आईकडे पाहिलं. आईनं मान फिरवली. "आता बंद केलंय ना? मग जुनं कशाला उकरायचं? लोक काय म्हणतील? मी सगळ्यांना काय सांगत आलेय, तुला माहितेय."

"माहितेय. पण ठिपका अजून धांदरटच आहे ना, तिच्या घरी?"

मी ताट उचललं, परत ठेवलं, आणि उभी राहिले. उभं राहिलं की मला बोलायला बरं पडतं.

"आई, बाबा, ऐका. उद्या सकाळी मी ठिपकाच्या घरी जाणार आहे. चष्मा एकदाही पडला नव्हता, हे तिच्या आईला सांगणार आहे. का वाकला तेपण सांगणार आहे. तू बरोबर आलीस, आई, तर बोलायचं तू. नाही आलीस तर मी बोलेन. पण जाणार म्हणजे जाणार."