वाढीचं कापड

समाजाच्या सामूहिक विवाहात नवऱ्यामुलींचे ब्लाउज फुकट शिवून द्यायचं काम मी लाखनीत नऊ वर्षं करते आहे. मला कोणी जबरदस्ती केलेली नाही. शिलाई येते, दुपारी वेळ असतो, आणि खरं सांगायचं तर 'चंद्रकांताबाईंशिवाय मांडव उभा राहत नाही' असं कोणी म्हटलं की मला बरं वाटतं.

लग्नाला पाच दिवस उरले होते. समितीच्या खोलीत मी सोळाव्या नवरीचं माप घेत होते. नाव हर्षा, यादीत वय एकोणीस. सोबत तिची आई गिरजाबाई. पोरगी दोन्ही हात पसरून टेपकडे बघत उभी होती.

"बाई, आतून चार बोटं कापड सोडजा," गिरजाबाई म्हणाली. "पोरगी वाढून राहिली. सहा महिन्यांत सारं आखूड होते तिले."

शाळेचा गणवेश शिवायला आलेली प्रत्येक आई मला हेच सांगते. माझी पेन्सिल सवयीनं चालूही लागली होती. मग थांबली. एकोणीस वर्षांची मुलगी सहा महिन्यांत कपड्यात मावेनाशी होते होय?

"हर्षा, कितव्या वर्गात आहेस व?"

तिनं आईकडे पाहिलं. "नववीत."

गिरजाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. टेबलामागून समितीचे सचिव ताराचंदभाऊ उठले आणि त्यांनी आधी दाराला कडी घातली.

"वयाचा दाखला मी पाहिला आहे, बाई. तुमचं काम शिवाचं."

"दाखला खोटा आहे, भाऊ."

"असन. पण पोलीस आले तं एकवीस जोडप्यांचा मांडव बंद पडन. साऱ्या समाजात तुमचं नाव खराब होईन. पाहून घेजा."

ते उगाच भीती घालत नव्हते. त्या एकविसांत माझ्या बहिणीची मुलगी रुचिकाही होती, तिची हळदसुद्धा दळून झाली होती. पण त्या कडीकडे नजर गेली आणि डोकंच फिरलं. मला कोंडता काय?

मोबाइल काढला, मुलांच्या मदतीचा एक-शून्य-नऊ-आठ लावला आणि स्पीकर सुरू केला. ताराचंदभाऊ फोन घ्यायला पुढे आले.

"हिसकता का?" मी विचारलं. ते जागीच थांबले.

पलीकडची बाई शांतपणे विचारत गेली, मी सांगत गेले. मुलीचं नाव, गाव, शाळा, लग्नाची तारीख. हर्षा अजून हात पसरूनच उभी होती. "खाली घे बेटा," मी म्हणाले.

तेवढ्यात गिरजाबाई ओरडली, "आता मोठं शहाणपण सुचून राहिलं तुमाले! मंग मागच्या साली माह्या रुखमिणीचा ब्लाउज काहून शिवला? तवा कायले नाही विचारलं?"

रुखमिणी म्हणजे हर्षाची मोठी बहीण. तेव्हाही ही माउली 'पोरगी वाढून राहिली, कापड सोडजा' असंच बोलली होती, आणि कामाच्या घाईत मी 'हो हो' म्हणत कापड सोडलं होतं. मला स्वतःची शरम वाटली.

"हॅलो ताई, ऐकताय ना? अजून काही सांगायचं आहे?"

"हो. आणखी एक नाव लिहा. हिचीच बहीण. तिचं लग्न होऊन गेलं."

"कोणी लावून दिलं?"

'समितीनं' म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"आम्ही," मी म्हणाले. "मीसुद्धा."