वेगळा पेला

"दौलतभावजींका उत्तर धाडलात?" भाकरी थापता थापता शेवंतानं विचारलं आणि रघूचा घास तोंडातच फिरला.

पत्र शिमग्यात आलं होतं. गणपती गेले तरी त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

गिरणीत रघू आणि दौलत एकाच साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. एक दिवसपाळीला, तर दुसरा रातपाळीला. दौलत जेवायला शेवंताच्याच घरगुती खाणावळीत. संप लांबला, खाणावळ बसली. दौलत गावी गेला आणि रघू कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर राखणदार झाला. दौलतनं लिहिलं होतं, 'तू कळवलास तसाच पांढरा चट्टा माझ्याही गालात आलाय. जाड होत चाललाय. डॉक्टर काय म्हणाले ते कळव. मुंबईला यायला हवं का? वहिनींच्या सोलकढीची आठवण येते.'

शेवटची ओळ रघूच्या डोक्यातून जाईना.

त्याआधीच परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं होतं, "तंबाखू? मिश्री? विडी?"

"सुपारीचं खांडसुद्धा नाय, बाई."

"मग कशानं झालं, सांगता येत नाही. एखाद्या विषाणूचाही हात असावा असं काही जणांना वाटतं. नक्की नाही."

"तो येतो कुठून?"

"तोंडाचा तोंडाला लागत असेल. तेही नक्की नाही हं. तुकडा तपासलाय, कॅन्सर नाही. पण अशा चट्ट्याचा पुढे होऊ शकतो. दाखवत राहा."

पत्र वाचलं आणि बाईंच्या बोलण्यातलं 'नक्की नाही' तेवढं रघू विसरला. दोन तोंडं, एकसारखा चट्टा, आणि मध्ये शेवंता. आपण रातपाळीला उभे असताना हा आपल्या घरात पाटावर बसून कढी भुरकत होता! ती त्याला आग्रह करत असेल. हसतही असेल. त्याच दिवशी रघूनं आपला पेला वेगळा काढला. कारण सांगितलं नाही.

एकदा जिना चढताना त्याच्या कानावर आलं. शेवंता शेजारच्या मालनला सांगत होती, "ह्यांनी आपलो पेलो वेगळो काढल्यांनी. माका लागू नये म्हणान. किती जपतत!"

तरी मनातला काटा निघाला नाही.

आज जेवणं झाल्यावर ती गोधडी शिवायला बसली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून तिनं सुई पुढे केली. "जरा ओवून द्या ओ, माका दिसना नाय."

टोक फाटलं होतं. रघूनं ते ओठांत धरलं आणि तो तसाच थांबला.

धोटा! साच्यावर आडवं सूत नेणारा तो लाकडी धोटा. आतली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि सूत ओढून घ्यायचं. साऱ्या पाळीभर तेच. पाळी सुटताना तोच ओला धोटा दौलतच्या हातात, त्याची पाळी सुटली की परत आपल्या. वर्षानुवर्षं.

धोट्यानं झालं असेल, नसेलही. पण शेवंतावर संशय घेताना आपल्याला कुठे नक्की कळायला हवं होतं?

"काय झाला?" शेवंतानं विचारलं.

"काय नाय. कागद दे."

'दौलत, चट्टा अंगावर काढू नकोस. असशील तसा निघ. परळला मी घेऊन जातो.'

"सोलकढी करून ठेवतंय म्हणान लिवा," ती म्हणाली.

तेही त्यानं लिहिलं.

निघताना त्यानं आपला पेला उचलून तिच्या भांड्यांत ठेवला. मग डॉक्टरीणबाईंचं 'तोंडाचा तोंडाला' आठवलं. पेला पुन्हा वेगळा ठेवून तो खाली उतरला.

लालबागच्या नाक्यावर त्यानं पत्र पेटीत सोडलं आणि कान दिला. पडल्याचा आवाज आला नाही. आत बरीच पत्रं असावीत.