फुकटात डॅनी फेराल

लाइल टिमरमनला लास व्हेगसला जायचंच नव्हतं. जे शहर माणसाचा खिसा कापण्यासाठीच बांधलंय तिथं आपल्या पायांनी चालत जायचं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असं त्याचं स्पष्ट मत. पण लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि चाळीस वर्षांत ग्लेंडानं हट्ट म्हणून धरला तो हा एकच. डॅनी फेराल गाणं सोडणार होता. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा, गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्याचा शेवटचा कार्यक्रम. नेब्रास्कातल्या चर्चच्या तळघरात लग्नाच्या दिवशी हे दोघं नाचले होते ते त्याच्याच गाण्यावर. त्यानंतर लाइल पुन्हा कधी नाचला नाही, पण ग्लेंडानं त्या एका नाचावर बरीच वर्षं काढली होती.

जायचं ठरल्यावर मात्र लाइलनं चंग बांधला. व्हेगसनं आपल्याला लुबाडायचं नाही, आपण व्हेगसला लुबाडायचं. शनिवार-रविवारी खोल्या महाग, म्हणून मधले वार धरले. विमानात सामानाचे वेगळे पैसे पडतात, म्हणून तीन शर्ट एकावर एक चढवून आला. जेवणावर खर्च नको म्हणून घेतलेली पीनट बटरची मोठी बरणी विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतली, तेव्हा गडी असा हळहळला की सख्खा भाऊ गेला तेव्हाही इतका हळहळला नव्हता.

हॉटेलात पोचल्यावर कळलं की खोलीच्या भाड्यावर रोजची रिसॉर्ट फी वेगळी. तलाव, व्यायामशाळा आणि स्थानिक फोन यांचे पैसे, वापरा नाहीतर वापरू नका. झालं. लाइलनं ती फी वसूल करायला घेतली. पोहता येत नसताना दिवसातून दोनदा तलावात उभा राहिला. चर्चला जायचे बूट घालून व्यायामशाळेत सायकल मारली. गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं, म्हणून खोलीतून रोज तीन वेळा हवामान विचारायला फोन लावला. हवामान तिन्ही वेळा सारखंच होतं, ऊन.

बुधवारी तो कॅसिनोत एका सेंटच्या जुगाराच्या मशीनसमोर दोन तास बसला. खेळणाऱ्यांना बिअर फुकट असते ना. वेट्रेस लांबून येताना दिसली की एकदा बटण दाबायचं, ती गेली की हात मांडीवर. तिला टीप म्हणून त्यानं एक प्रसन्न हसू दिलं. डॉलर मागून ग्लेंडानं ठेवला, गुपचूप. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती.

कार्यक्रमाचं तिकीट माणशी एकशे चाळीस डॉलर होतं. ग्लेंडानं ते मंगळवारी काढूया म्हटलं, बुधवारी पुन्हा म्हटलं. लाइल म्हणायचा, शेवटच्या दिवशी दर पडतात, घाई करणारे मूर्ख असतात. गुरुवारी सकाळी ती पुन्हा बोलणार तोच रस्त्याकडेच्या एका टपरीतून छत्रीखाली बसलेल्या पोरीनं हाक मारली. कुठले तुम्ही, नेब्रास्काचे? आणि डॅनी फेरालची दोन तिकिटं फुकट हवीत का?

लाइल जागच्या जागी थांबला. अट साधी होती. सुट्टीच्या घरात आठवड्याचा हिस्सा विकणारी एक कंपनी होती, तिचं बोलणं नव्वद मिनिटं ऐकायचं. नवराबायको दोघांनीही शेवटपर्यंत बसायचं. घ्यायची सक्ती नाही. मिळालेलं कुपन पाच वाजायच्या आत नाट्यगृहाच्या खिडकीवर बदलून घ्यायचं. वर दुपारचं जेवण.

"ही माणसं आपल्याला काय विकणार?" लाइल बायकोला म्हणाला. "आजवर सतरा विक्रेत्यांना दारातून परत पाठवलंय मी. नाही म्हणायला पैसे लागत नाहीत, ग्लेंडा."

एक वाजता कंपनीची गाडी त्यांना शहराबाहेरच्या एका काचेच्या इमारतीत घेऊन गेली. पायी परत येता येणार नाही इतकी ती लांब होती, आणि हे काही योगायोगानं घडलेलं नव्हतं. जेवणात एक कोरडं सँडविच. ते संपायच्या आत ट्रेंट नावाचा पांढऱ्याशुभ्र दातांचा तरुण येऊन बसला. दुसऱ्याच मिनिटाला तो दोघांना जिवलग असल्यासारखा नावानं हाका मारायला लागला. वर्षातून एक आठवडा, डोंगर दिसणारी खोली, आयुष्यभराची मालकी. अडतीस हजार डॉलर.

"नाही," लाइल म्हणाला. काय तो त्याचा नाही! एखाद्यानं देवापुढं म्हणावा तसा स्वच्छ, खणखणीत.

अडीच वाजले, नव्वद मिनिटं भरली. ग्लेंडानं पर्स उचलली. तेवढ्यात ट्रेंटचा साहेब आला आणि म्हणाला की खास तुमच्यासाठी एकतीस हजार. लाइल पुन्हा नाही म्हणाला आणि इथंच घोटाळा झाला. आपल्या एका शब्दानं सात हजार खाली आलेले त्यानं आजवर पाहिले नव्हते. घरी नाही म्हटलं की फार तर विक्रेता निघून जायचा. इथं नाही म्हटलं की भाव उतरत होता. आता उठायचं कसं?

साहेबाचा साहेब आला. सव्वीस हजार झाले. मग एक चष्मेवाली बाई आली, तिनं आधीच्या दोघांबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि बावीसवर आणलं. लाइलचे कान लाल झाले होते, डोळे चमकत होते. जुगाराच्या शहरात तीन दिवसांत जेमतेम काही सेंट लावलेला हा शहाणा माणूस शेवटी टेबलाला चिकटला तो असा.

ग्लेंडानं त्याची बाही ओढली आणि चार वाजल्याचं सांगितलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "थांब गं. अजून उतरेल." सव्वाचारला तिनं पुन्हा सांगितलं. पावणेपाचला सांगितलं नाही. इतका जवळ आलेला डॅनी फेराल आज गाऊन कायमचा गप्प होणार, आणि आपण एका कोरड्या सँडविचपायी इथं बसलोय, याचा तिला संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

साडेपाचला भाव अकरा हजारांवर आला. लाइलनं पेन हातात घेतलं. ग्लेंडाला आधी खरंच वाटेना.

"सत्तावीस हजार वाचवले मी," तो कुजबुजला.

त्यानं सही केली आणि कागद तिच्यापुढं सरकवला. इथल्या कायद्यानं दोघांच्याही सह्या लागतात, असं चष्मेवाली बाई गोड हसून म्हणाली. टेबलाभोवतीची चार माणसं पहिल्यांदाच ग्लेंडाकडे बघायला लागली.

"नाही," ग्लेंडा म्हणाली.

तिचा आवाज काही खणखणीत नव्हता. घरात नकाराचं खातं लाइलकडं असल्यामुळं तिला सवयच नव्हती. पण तेवढ्यानं भागलं. ट्रेंटचे दात दिसेनासे झाले, चष्मेवालीनं फाइल मिटली, आणि पाच मिनिटांत एका पोरानं मागच्या दारापाशी त्यांच्या हातात दोन कुपनं कोंबली. हीच पाच मिनिटं अडीच वाजता मिळाली असती, हे गाडीत बसल्यावर ग्लेंडाच्या लक्षात आलं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द आपलाही असू शकतो हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

नाट्यगृहाच्या खिडकीशी पोचले तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं होती. आतल्या मुलीनं कुपनं उलटून बघितली आणि पाचची वेळ टळून गेल्याचं सांगितलं. तिकिटं मात्र शिल्लक होती, एकशे चाळीसलाच.

लाइलनं वाद घातला. ज्येष्ठांना सवलत विचारली, शेतकी संघाच्या सभासदांना सवलत विचारली, मागे उभे राहिलो तर काय घ्याल तेही विचारलं. मग तो ग्लेंडाकडे वळून समजुतीनं म्हणाला, "ही कुपनं उद्या दुपारच्या जादूच्या खेळाला चालतात म्हणे. फुकट. गाणी काय, घरीही ऐकता येतात."

ग्लेंडानं पर्स उघडली. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबलेल्या बाईचे पैसे होते ते, तिच्या स्वतःच्या नावाचे. त्यातल्या नोटा तिनं काचेखालून सरकवल्या. मुलीनं तिकीट फाडून दिलं.

"एकच?" लाइलनं विचारलं.

"एकच. तुझे एकशे चाळीस वाचवले मी."

आणि तिला त्याचा चेहरा दिसला. वाईट वाटणं, राग येणं, लाज वाटणं, जे काही यायचं ते मागाहून आलं असेल. पण सगळ्यात आधी, अगदी क्षणभर, त्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. ग्लेंडानं ते नीट पाहिलं. मग ती आत गेली.