पाळण्यातलं नाव

लातूरला कोचिंगच्या पोरींची मेस चालवणाऱ्या सिंधूला चार माणसांत बोलायची भीती कधी वाटली नव्हती. गॅसवाला, भाजीवाला, भात कच्चा राहिला म्हणून तोंड फुगवणाऱ्या पोरी, आणि त्या पोरींच्या त्यांच्याहून फुगलेल्या आया, सगळ्यांशी तिचं दिवसभर बोलणं चालूच असायचं. त्यामुळं पास्टरांनी जेव्हा येत्या रविवारी चर्चच्या मंडळीसमोर साक्ष द्याल का असं विचारलं, तेव्हा कणीक मळता मळताच तिनं हो म्हणून टाकलं. आपण येशूपाशी कसे आलो, कशामुळं आलो, ते आपल्या तोंडानं सांगायचं, एवढीच तर साक्ष. बाप्तिस्मा घेऊन तिला काही वर्षं झाली होती. सांगायचं मनात होतंच, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी विशाखाताई मेसवर आल्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मंडळीतल्या बायकांचं सगळं त्याच बघायच्या. साक्ष द्यायची म्हटलं की कितीतरी जणी मागं सरायच्या, अशांना त्या शेजारी बसवून तयार करायच्या. सिंधूलाही त्यांनी नीट समजावून सांगितलं. आधी अंधार सांगायचा, मग उजेड. माहेरी देवदेव किती होता, नवस किती केले, अंगारे-धुपारे किती झाले आणि कशाचाच कसा उपयोग झाला नाही, हे जरा खुलवून सांगायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला फरक कळतो.

सिंधूनं सगळं ऐकून घेतलं. विशाखाताई मनानं चांगली बाई. बाप्तिस्म्याच्या दिवशी सिंधूच्या माहेरचं कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनीच तिला नवी साडी नेसवली होती. चहाचा कप त्यांच्या हातात देत सिंधू म्हणाली, "ताई, आमच्या घरी अंधार नव्हता. दुःख होतं."

रात्री प्रार्थना करून बघ, देव सुचवील तसं बोल, एवढंच म्हणून विशाखाताई चहा पिऊन निघून गेल्या.

तिकडं मुखेडजवळच्या गावात काय चाललं होतं ते सिंधूला नंतर कळलं. साक्ष द्यायची आहे, कुठं आणि कधी, हे सगळं तिनं फोनवर आईला सांगितलं होतं. आईनं ते घरात सांगितलं, आणि बजरंग भडकला. बजरंग सिंधूचा धाकटा भाऊ. बहिणीनं धर्म बदलला तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. त्यानं मोबाइलवर कुठल्याशा सभेचा व्हिडिओ बघितला होता. त्यात एक बाई आपल्या माहेरच्यांना, घरातल्या देवांना नाही नाही ते बोलत होती. आक्काबी आता हेच करणार, आपल्या घराची लातुरात अब्रू काढणार, असं त्यानं अप्पांना सांगितलं. अप्पा, म्हणजे ग्यानोबा, बोलायला मुळातच कमी. त्यांनी रविवारी सकाळी धोतर नेसलं, पटका बांधला आणि कुणाला काही न सांगता लातूरची एसटी धरली.

मंडळी भरायची ती एका टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. खाली सतरंज्या, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं, मागं म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. गाणी झाली, पास्टरांनी सिंधूचं नाव घेतलं, ती उठून पुढं गेली. माइक हातात घेऊन वळली तर दारात एक म्हातारा वाकून पायातली पायताणं काढत होता. पटक्यावरूनच तिनं ओळखलं. कुणीतरी खुर्ची पुढं केली, पण अप्पा तिथंच दाराजवळ सतरंजीच्या कडेला टेकले आणि पिशवी मांडीवर घेऊन तिच्याकडं बघत राहिले.

आपण घराबद्दल काय बोलतो ते ऐकायला अप्पा आले असणार, हे सिंधूला बघताक्षणी उमगलं, आणि तिला बरंच वाटलं. जे सांगायचं ते त्यांच्यासमोर सांगता येईल असंच होतं. आणि जे त्यांना ऐकायला जड जाईल, तेही एकदा त्यांच्या कानावर जायलाच हवं होतं.

"मागं दाराजवळ बसलेत ते माझे वडील आहेत," तिनं सुरुवात केली. सगळ्या माना मागं वळल्या. अप्पांनी अवघडून हात जोडले. "मी त्यांच्या घरात लाडात वाढले. आमच्या घरी देवाचं सगळं व्हायचं, आणि आई-अप्पा मनापासून करायचे. त्यांना नावं ठेवायला मी उभी राहिले नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. लग्न होऊन बिलोलीकडं गेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, पण तिला श्वासच नीट घेता येत नव्हता. नांदेडच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. गावी आणल्यावर अप्पांनी लेकराला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि एकटेच शेताकडं गेले. बऱ्याच उशिरानं आले, हातपाय धुतले आणि काही न बोलता ओसरीत बसले. त्या दिवशीही बोलले नाहीत आणि नंतरही कधी बोलले नाहीत. सासरची माणसं एकदा येऊन गेली. मग निरोप आला, की आता पाठवायची घाई करू नका. त्यातून काय समजायचं ते घरात सगळ्यांना समजलं. सिंधू माहेरीच राहिली.

"घरात मला कुणी टाकून बोललं नाही," ती म्हणाली. "पण माझ्या पोरीचा विषयही कुणी काढला नाही. मला वाटायचं, अप्पा दगड आहेत. अप्पा समोर बसलेत आणि मी हे बोलतेय, कारण मला तसं वाटायचं, आणि लई वर्षं वाटायचं."

अप्पांनी मान खाली घातली नाही.

पुढं पोटात गाठ निघाली म्हणून लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी होती. साखराबाई तिचं नाव. ती सकाळ-संध्याकाळ मोठ्यानं प्रार्थना करायची आणि सिंधूला तिचा वैताग यायचा. एका दुपारी तिनं विचारलं, लेकरं किती? सिंधूनं नेहमीचं उत्तर दिलं, एकबी नाही. म्हातारीनं तिच्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, होतं का? तिथं सिंधूचा बांध फुटला. होती, म्हणाली. म्हातारीनं नाव विचारलं. नाव तर ठेवलंच नव्हतं. एका दिवसाच्या लेकराचं बारसं कोण करतं?

"साखराबाई मला म्हणाल्या, नाव न्हाई तर देवाजवळ मी तिला काय म्हणून मागू? म्हणून मी तिथंच, खाटेवर पडल्या पडल्या तिचं नाव ठेवलं. उज्वला."

त्या संध्याकाळपासून साखराबाई उज्वलाचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागल्या. आजारी नातेवाइकाचं नाव घ्यावं तितक्या सहज. सिंधू ऐकत राहायची. एकदा तिनं विचारलं, तुमच्या देवाला माझं दुःख काय कळतंय? त्यावर म्हातारी जे बोलली ते सिंधूनं माइकवर तिच्याच शब्दांत सांगितलं.

"त्याचंबी लेकरू गेलंय माय. त्याच्या डोळ्यादेखत गेलंय. त्याला न्हाई कळायचं तर कुणाला?"

मग सिंधूनं माइक दुसऱ्या हातात घेतला आणि पुढं सांगितलं.

"माझी गाठ डॉक्टरनी काढली. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पण त्या रात्री मी झोपले, कितीतरी वर्षांनी. ज्या देवानं आपलं लेकरू मातीत ठेवलेलं बघितलं, तो मला परका वाटला नाही. त्याचं लेकरू उठलं, म्हणून माझंही उठेल. तिची नि माझी भेट होईल, हे मी मानते. कुणी मला पैसे दिले नाहीत, कुणी फसवलं नाही. मी माझ्या पायांनी इथं आले आणि मला इथं बरं वाटतं. एवढीच माझी साक्ष."

ती खाली बसली. आमेन म्हणायचंही लोकांना उशिरा सुचलं. विशाखाताईंनी पदरानं डोळे पुसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. साक्षीत अंधार-उजेड काही आला नाही, त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उपासना संपल्यावर त्या स्वतः अप्पांसाठी चहा आणि खारी घेऊन गेल्या.

अप्पांनी चहा घेतला, खारी पिशवीत टाकली. बापलेक जिना उतरून खाली आले. रविवार म्हणून टायरचं दुकान बंद होतं, त्याच्या पायरीवर बसले. सिंधूनं मेसवर जेवायला चला म्हटलं. बोलायचं असलं की अप्पा आधी पटका काढून मांडीवर ठेवायचे. तसा त्यांनी तो काढला.

"तू म्हणलीस, पोरीला नाव न्हवतं," ते म्हणाले. "व्हतं."

"काय?" सिंधूनं त्यांच्याकडं वळून विचारलं.

"मी ठिवलं व्हतं. बिनानावाचं लेकरू मातीत कसं ठिवावं? ठिवताना तिच्या कानात सांगितलं. गोदा म्हणलो मी तिला. माझ्या मायचं नाव."

"मग मला का नाही सांगितलं अप्पा?"

"तू तोंड फिरवून पडलेली असायचीस. नाव सांगितलं की आनखीन रडशील म्हणलो. मग ते राहूनच गेलं. तुला दगड वाटलो, त्यात तुझं काय चुकलं न्हाई. शेतात गेलो की बांधावर तिथं घडीभर बसतो मी. तुझ्या मायलाबी ठाव न्हाई."

सिंधूला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. रस्त्यानं जाणारा रिक्षावाला वळून बघून गेला. अप्पांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. घोटभर पाणी पिऊन ती म्हणाली, "दोन नावं झाली की तिला मग."

अप्पा म्हणाले, "आसत्यात की. सगळ्याच लेकराला आसत्यात. एक पाळण्यातलं, एक हाक मारायचं. गोदा पाळण्यातलं धर."

जेवायच्या आधी अप्पांनी एकच गोष्ट मागितली. ती म्हातारी अजून आहे का, असली तर तिला बघायचं आहे. साखराबाई होत्या. आता त्यांना उठता येत नव्हतं, ऐकूही कमी यायचं, सून करायची सगळं. सिंधूनं रिक्षा केली. पत्र्याच्या त्या दोन खोल्यांत अप्पा वाकून शिरले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. साखराबाईंनी डोळे बारीक करून सिंधूला विचारलं, हे कोण? सिंधूनं मोठ्यानं सांगितलं, माझे वडील.

म्हातारीच्या चेहऱ्यावर ओळख पसरली. "उज्वलाचा आजा व्हय? बसा की."

आजवर अप्पांना असं कुणी म्हटलं नव्हतं. बजरंगाला अजून लेकरू नव्हतं. ते खाटेजवळ भुईवर बसले आणि पटक्याच्या शेवानं त्यांनी तोंड झाकून घेतलं. साखराबाईंना वाटलं पाहुणा दमलाय, म्हणून त्यांनी सुनेला सरबत करायला सांगितलं. सरबत पिऊन झाल्यावर अप्पांनी तोंड उघडलं ते थांबलेच नाहीत. त्या दिवशी जमीन किती कडक होती, कुदळ कशी उडत होती, धडपं कुणाचं होतं, सगळं त्यांनी त्या परक्या, बहिऱ्या म्हातारीला मोठमोठ्यानं सांगितलं. सिंधू उंबऱ्यात बसून ऐकत होती. सगळं सांगून झालं तेव्हा साखराबाईंनी विचारलं, प्रार्थना केली तर चालंल का? अप्पा म्हणाले, "करा. माझा देव मला हाय, त्याला राग येत न्हाई. पर तिची दोनी नावं घ्या."

जेवण राहूनच गेलं. मेसवरून सिंधूनं चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली आणि अप्पांना एसटी स्टँडवर सोडलं. मुखेडची गाडी लागायची होती. तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. पलीकडं बजरंग होता, सकाळपासून कुठं आहात म्हणून चिडलेला. अप्पांनी त्याला सगळं बोलू दिलं.

"लातूरला हाय," मग ते म्हणाले. "हाव, तिथंच. सगळं ऐकलं. न्हाई, कुणाला वंगाळ बोलली न्हाई. मला बोलली, ते खरं व्हतं." पलीकडून काहीतरी आलं. "त्या मोबाइलमधल्या बाईचं मला काय करायचंय? ही माझी पोरगी हाय आन मी समोर बसून ऐकलंय. तुला ऐकायचं आसंल तर तिच्याच तोंडून ऐक. ती येणार हाय पुढल्या आठवड्याला. तिला शेतात न्यायचंय मला."

पुढल्या आठवड्यात येईन असं सिंधू काही म्हणाली नव्हती. मेसचं कोण बघणार, याचा हिशोब तिच्या डोक्यात तिथल्या तिथं सुरू झाला, आणि गाडी फलाटाला लागेपर्यंत तो जमलासुद्धा. अप्पा चढले, खिडकीजवळची जागा धरून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. सिंधूनं खालूनच विचारलं, "बजरंग मला दारात उभं करील का?"

"दार माझं हाय," अप्पा म्हणाले, आणि चपात्यांचं गाठोडं सोडून तिथंच जेवायला बसले.